गाडीच्या सीटवरचे कोकम, काजू, फणस आणि लाल मातीचे डाग: मदत हवी आहे

माडाखाली:

नमस्कार मंडळी,

घरची हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली. सीट कापडी आणि रंग फिकट बदामी. रंग आम्ही निवडलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो. गाडी निम्मी माणसांसाठी आणि निम्मी बागेसाठी वापरली जाते, त्यामुळे मागची सीट बघून गेल्या वर्षात काय काय पिकलं ते कोणीही सांगू शकेल.

सगळ्यात मोठा डाग कोकम आगळाचा नाही, गोड अमृत कोकमाचा. बाटलीचं झाकण सैल होतं. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर तिथल्या पोराने फेस मारून ब्रशने दणादण घासलं आणि लाल डागाचा निळसर करडा डाग करून दिला. वर म्हणतो, "काका, फिका पडलाय." फिका कसला, वेगळाच झालाय!

दुसरा काजूचा. बियांचं पोतं मागच्या सीटवर होतं, मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत. खाली तपकिरी-काळा पट्टा उठलाय, हाताला जरा कडक लागतो. सीटच्या कडेला फणसाचा चीक आहे, त्यावर धूळ बसून तो काळा झालाय. पायाजवळ लाल माती. आणि पुढच्या सीटच्या पाठीला रेक्झिन आहे, त्यावर पोरांच्या शाळेच्या बुटांचे काळे ओरखडे. कितीही पुसा, ढिम्म हलत नाहीत.

यूट्यूबवर बघितलं तर सगळे कॉफी आणि चॉकलेटचे डाग काढतायत. आमच्याकडे गाडीत कॉफी पितंय कोण? शेजारचे म्हणतात पेट्रोलचा बोळा फिरव, सगळं निघतं. सासूबाई म्हणतात खायचा सोडा आणि लिंबू. डिटेलिंगवाला म्हणतो अडीच हजार, पण काजूची गॅरंटी नाही.

पाऊस दारात आहे. एकदा तो लागला की सीट वाळायची नाही, म्हणून घाई. कुठून सुरुवात करू, आणि कुठल्या डागाचा नाद सोडू?

प्रयोगवही:

निळ्या कोकमाचं वाचून हसू आलं, राग मानू नका. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आंबटात तो लाल राहतो, अल्कलीत निळा-हिरवट होतो. वॉशिंग सेंटरचे फेस बहुतेक अल्कलीचेच असतात, त्यामुळे डाग निघाला नाही, नुसता रंग पालटला. खायच्या सोड्याने हेच होणार. सोडा आणि लिंबू एकत्र केलं तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो फसफसाट. बघायला बरा वाटतो एवढंच.

तुम्ही असं करा. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी दोन भाग. पांढऱ्या सुती फडक्याने डागावर टिपा, बाहेरून आत येत जा, घासायचं नाही. डाग परत गुलाबी होऊ लागला की समजा गाडी रुळावर आली. मग कोमट पाण्याचा पिळलेला फडका आणि कोरडा फडका आलटून पालटून. हा रंग पाण्यात विरघळणारा आहे, पण सरबतातली साखर वाळून धाग्यावर बसलेली असते, ती सुटेपर्यंत रंगही सुटत नाही. इथे धीर हवा, जोर नको.

तरी पुसट छटा उरली तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये जे २० व्हॉल्यूमचं मिळतं ते साधारण ६ टक्के असतं, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कापडावर लावून बघा. व्हिनेगर पाण्याने पूर्ण काढल्यावरच पेरॉक्साइड लावायचं, दोन्ही एका बाटलीत कधीच नाही. आणि घरातलं ब्लीच या कुठल्याच गोष्टीच्या जवळ आणू नका. व्हिनेगरसारख्या आंबटाशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तुम्ही गाडीच्या आत डोकं घालून बसलेले असणार.

फणसाला घरातलाच उपाय आहे. फणस कापताना सुरीला खोबरेल लावतो ना, तेच इथे. थोडं तेल बोटाने चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, चीक मऊ होऊन गोळ्या सुटतील. बोथट चमच्याने उचला. मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून तेल काढा, नाहीतर चीक गेला आणि तेलाचा डाग राहिला अशी गत.

काजूचं आधी सांगा: बोंडाचा रस की बीच्या टरफलातलं तेल? दोन्ही वेगळे.

भरती_ओहोटी:

बोंडूचो रस असात तर सोडून दी. माझ्या आजयेच्या लुगड्यार पडललो डाग, लुगडा फाटला पण डाग गेलो नाय. सीटकव्हर घाल आनि गप ऱ्हव.

माडाखाली:

@प्रयोगवही, पोत्यात नुसत्या बिया होत्या, बोंडं वेगळी केलेली. म्हणजे टरफलाचं तेल असावं.

@भरती_ओहोटी, गप रवलंय असतंय पण घरचे रवूक देयत नाय.

प्रयोगवही:

मग अवघड आहे, स्पष्टच सांगतो. काजूच्या टरफलातल्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. ओले काजूगर सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते यासाठीच, नाहीतर कातडी सोलवटते. हे तेल उष्णतेने आणि हवेने घट्ट होत जातं. त्यावर प्रक्रिया करून रंग-वॉर्निश करतात, ब्रेक लायनिंगमध्येही वापरतात. म्हणजे गाडीत ते असायला हरकत नाही, फक्त जागा चुकली.

ताजं असतं तर टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घेतलं असतं आणि मग भांड्यांचं लिक्विड. तुमचा डाग हाताला कडक लागतोय, म्हणजे तेल धाग्यात जमलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपा. वरचा चिकट थर येईल, तपकिरी छाया बहुतेक राहील. तिच्यापायी कापड घासून झिजवू नका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या एवढ्या जाती आल्या, तेवढी एक डाग न पाडणारी निघाली असती तर आपले सगळ्यांचे प्रश्न मिटले असते.

स्पॅनर१२:

गॅरेजच्या बाजूने चार गोष्टी.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर रेक्झिनला लावू नका. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं तेच हे पदार्थ ओढून काढतात. त्या दिवशी चकचकीत दिसतं, पुढे कडक होऊन तडे जातात. शिवाय बंद गाडीत पेट्रोलची वाफ, हे वेगळं सांगायला नको.

बुटांच्या ओरखड्यावरून आधी नख फिरवा. नख अडकलं तर तो डाग नाही, चर आहे, आणि चर कशानेच पुसली जात नाही. नख सरळ गेलं तर बुटाच्या तळव्याचं रबर वर बसलंय. शाळेच्या दप्तरातला पांढरा खोडरबर घ्या, खरंच निघतं. न निघालं तर लिक्विडचं पाणी आणि मऊ ब्रश. तो पांढरा 'मॅजिक' स्पंज मिळतो तो शेवटचा उपाय, अगदी हलक्या हाताने. त्यात जादू नाही, तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे. डाग जातो तशी रेक्झिनची वरची चमकही जाते.

लाल माती ओली असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, व्हॅक्यूम मारा, आणि मगच पाणी. ते लोखंडाच्या ऑक्साइडचे कण आहेत. ओल्यात घासले की आत जातात. ब्लीचने त्यांचं काही होत नाही, आजूबाजूचं कापड मात्र पांढरं पडतं. सीटबेल्टलाही ब्लीच नको, पट्ट्याची ताकद जाते.

आणि सीटवर बादली ओतू नका. खाली फोम आहे. पुढच्या सीटखाली वायरी असतात, त्यातला पिवळा कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचा. तो भिजवायचा नाही, उगाच ओढून काढायचाही नाही.

बांगडा_फ्राय:

मध्येच घुसतोय. मालवणहून येताना थर्माकोलच्या पेटीतलं बर्फाचं पाणी सीटवर गेलं. डाग दिसत नाही, पण बायको गाडीत बसत नाही.

प्रयोगवही:

गरम पाणी लावलं नसेल तर आशा आहे, कारण गरमाने मासळीच्या पाण्यातली प्रथिनं धाग्यातच गोठतात. गार पाण्यात एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर विरघळवून टिपा, अर्धा तास ओलसर ठेवा, गार पाण्यानेच काढा. मग पातळ व्हिनेगर. मासळीचा वास अमाइन जातीचा, आंबटाने तो मारला जातो. माशाच्या तिखल्यात कोकम घालतो तेच शास्त्र. पेटीच्या पाण्यात मीठ असेल तर तेही धुऊन गेलं पाहिजे, नाहीतर मीठ हवेतला ओलावा ओढत राहील आणि सीट कायम दमट.

माडाखाली:

आतापर्यंतचा हिशोब. व्हिनेगर लावल्यावर कोकम खरंच डोळ्यांदेखत गुलाबी झालं, पोरं बघायला जमली. पेरॉक्साइडनंतर शोधावं लागतं इतपत राहिलंय. फणस खोबरेलाने गेला. खोडरबरने बुटांचे निम्मे ओरखडे गेले, बाकीच्यांत नख अडकतं. काजूचा चिकटपणा गेला पण छाया तशीच आहे. @भरती_ओहोटी जिंकले, कव्हर घ्यायचं ठरलंय. पुढच्या सीटवर कडेला एअरबॅगचं लेबल आहे, तिथे कुठलंही कव्हर चालेल का?

स्पॅनर१२:

नाही. लेबल आहे म्हणजे एअरबॅग सीटच्या कडेतून फुटून बाहेर येते. चारी बाजूंनी घट्ट शिवलेलं कव्हर तिला अडवेल. त्या बाजूला उघडं असलेलं किंवा एअरबॅगसाठीच्या खास शिवणीचं मागा. दुकानदार "सगळ्यांना बसतं" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. तुमचा डाग मागे आहे, तर सध्या फक्त मागचं घ्या. बेल्टची बकलं वर राहतील एवढं बघा.

पण लगेच चढवू नका. दारं उघडी टाकून घरचा पंखा आत लावा. पाऊस लागलाच तर गाडी चालू ठेवून एसी आतल्या हवेवर फिरवा, तो हवेतलं पाणी ओढतो. पण हे उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. मग सीट तळहाताने जोरात दाबा. थंड लागली तर फोम अजून ओला आहे. तसंच कव्हर घातलं तर श्रावणापर्यंत खाली बुरशी धरेल, आणि तिच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.