दादासाठी प्रार्थना करायला बसले की शब्दच फुटत नाहीत

नगरची_धाकटी

सलाम सगळ्यांना. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. माझा मोठा भाऊ दोन वर्षं डायलिसिसवर आहे, मंगळवार गुरुवार शनिवार, दर वेळी चार तास, येणंजाणं धरलं तर अख्खा दिवस जातो. आमचं घर तीन पिढ्यांपासून मंडळीत म्हणजे चर्चमध्ये, आजी बायबलबाई होती, घरोघरी जाऊन बायांना बायबल शिकवायची, त्यामुळे आजारपण आलं की गुडघ्यावर यायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात एका उपवास प्रार्थनेला गेलो होतो. बाहेरगावाहून आलेल्या सेवकाने, म्हणजे प्रवचन करणाऱ्याने, दादाच्या डोक्यावर हात ठेवला, बायबलातलं यशया ५३ काढलं, त्याच्या जखमांनी आपल्याला आरोग्य मिळालं असं त्यात आहे, आणि म्हणाला तुला आरोग्य मिळालेलंच आहे, आता मशीनवर भरवसा ठेवायचा का प्रभूवर ते तू ठरव. लोक आमेन आमेन म्हणत होते, मीपण म्हटलं. पुढच्या गुरुवारी दादा डायलिसिसला जातो म्हणून निघाला आणि गेलाच नाही, कुणाला बोललापण नाही. शुक्रवारी रात्री त्याला आडवं होता येईना, श्वास लागला, पाय सुजलेले, पोटॅशियम वाढलेलं, पहाटे इमर्जन्सीत डायलिसिस केलं म्हणून वाचला. त्या सेवकाला फोन केला तर म्हणे घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला असेल.

तो कुणाचा तरी म्हणजे माझाच असं डोक्यात बसलंय, कारण आमेन म्हणताना आतून वाटत होतं की असं काही होणार नाही. आता दादा रात्री विचारतो आज प्रार्थना नाही का, आणि माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. बरं कर म्हणावं तर खोटं वाटतं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणावं तर दादाला सोडून दिल्यासारखं वाटतं. तुम्ही लोक अशा वेळी कशी करता प्रार्थना?

रिटायर_सिस्टर

बाळ, आधी हे ऐक. दादाला जे झालं ते अंगात पाणी आणि पोटॅशियम साठल्याने झालं, तुझ्या मनात काय आलं त्याने नाही. मी ३४ वर्षं मिशन हॉस्पिटलात काढली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर टेबलापाशी उभं राहून प्रार्थना करायचे आणि आमेन झालं की लगेच हातात चाकू, या दोन्हींत भांडण आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेला हॉस्पिटल काढलं ते काय प्रार्थना कमी पडत होती म्हणून? बायबलात प्रेषित पौलाने त्याचा सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारीच ठेवून पुढचा प्रवास केला, २ तीमथ्य ४ मध्ये एका ओळीत आलंय, पण त्रफिमाचा विश्वास कमी होता असा एक शब्द नाही त्यात. आणि दादा गुरुवारी का आला नाही ते डायलिसिसच्या सिस्टरला खरं सांगा, ओरडतील त्या, पण सांगाच.

वसईचा_पावलू

आम्ही कॅथलिक, पण दुखणं सारखंच. माझ्या बायकोला कॅन्सर होता. फादर घरी तेल लावायला आले तर ती घाबरली, कारण आमच्याकडे जुनी माणसं त्याला मरणाचंच तेल समजतात. फादरांनी शांतपणे सांगितलं की हे कुठल्याही मोठ्या आजाऱ्यासाठी आहे, परत परत घेता येतं. मी बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी) डोंगरावर नवसाची मेणाची बाई वाहिली, शेवटच्या दिवसापर्यंत बरं कर असंच मागत राहिलो, आणि ती गेली. त्यानंतर कित्येक महिने रोझरी नुसती हातात धरून बसायचो, नमो मरिया ही रोझरीची प्रार्थना एकदासुद्धा तोंडात येत नव्हती. शेजारच्या बाया संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन म्हणायच्या, मी ऐकायचो, तेवढंच जमायचं. मार्क २ मध्ये छप्पर उसवून ज्याला खाली सोडला तो पक्षघाती काहीच मागत नाही बघ, येशू त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास बघतो. सध्या तुलाच उचलायला चार माणसं पाहिजेत. मी आजपासून तुझं आणि दादाचं नाव घेतोय.

जालना_९२

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. मागणं सोडू नका ताई. माझ्या आईला टीबी झाला होता, साध्या औषधांना दाद न देणारा, दीड वर्षाच्यावर गोळ्या चालल्या, त्या गोळ्यांनी कानात आवाज यायचे, उलट्या व्हायच्या, आणि मी रोज तिच्या खाटेजवळ मागायचो. ती बरी झाली. गोळ्यांनी का देवाने असं विचारलं की ती म्हणते गोळ्या कुणी दिल्या रे. पण मी प्रत्येक दिवशी विश्वासाने मागत होतो असं मुळीच नाही, कितीतरी दिवस नुसता रागावून बसलो होतो. मार्क ९ मधला तो बाप म्हणतो ना विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तूच मदत कर, येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणत नाही, तशाच अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा पोरगा बरा होतो.

केडगावची_सून

त्या सेवकाला पंडिता रमाबाईंबद्दल विचारायला पाहिजे होतं. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एवढं मोठं संजीवन म्हणजे विश्वासाची जागृती झाली, मुली रात्र रात्र प्रार्थनेत असायच्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या घरात कुणाचा विश्वास डळमळला होता म्हणे? आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री येशू म्हणाला ते हा दुःखाचा प्याला टळू दे असं रडून मागितल्यावर म्हणाला, आणि तीन वेळा मागितलं. दोन्ही वाक्यं एकाच प्रार्थनेत आहेत ग, तुला त्यातलं एक निवडायची गरज नाही.

नगरची_धाकटी

सगळ्यांचे प्रतिसाद दादाला वाचून दाखवले. त्रफिम कोण ते त्यालाही माहीत नव्हतं, त्याने स्वतः बायबल काढून ती ओळ शोधली. काल रात्री मी त्याच्यासमोरच मोठ्याने म्हटलं की प्रभू, दादाला बरं कर, आणि माझा फार विश्वास बसत नाही हे तुला माहीतच आहे. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला माझाही नाही, म्हणून तर गुरुवारी गेलो नव्हतो, विश्वास आहे हे दाखवायला. मग दोघंही रडलो. उद्या शनिवार, सकाळी सहाला मशीन मिळालंय, मी त्याच्यासोबत जातेय. पावलू काका, त्याचं नाव घेत राहा.