वजन रात्री दहाला जेवल्याने वाढते, की जास्त जेवल्याने?

प्रश्न : डोंबिवली_फास्ट

माझे वय ४१ आहे. फोर्टमधील कार्यालयातून सव्वासातला निघते आणि गर्दीची लोकल, स्थानकाबाहेरची रिक्षाची रांग असे करत नऊच्या सुमारास घरी पोहोचते. कुकर होऊन पाने वाढेपर्यंत दहा वाजतात आणि सव्वाअकराला आम्ही झोपतो, कारण साडेपाचला उठून डबे करायचे असतात. गेल्या चार वर्षांत माझे वजन सहा किलोंनी वाढले असून मागील महिन्यात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ५.९ आले. ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, रात्री लवकर जेवत जा,’ एवढे सांगून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

साताऱ्याचे माझे सासरे दिवेलागणीनंतर तासाभरात जेवतात आणि आमचे दहाचे जेवण हेच सगळ्या दुखण्यांचे मूळ आहे असे मानतात. माझा भाऊ म्हणतो की पोटाला घड्याळ कळत नाही, दिवसभराचे एकूण उष्मांक तेवढे मोजावेत. तेच अन्न तेवढ्याच प्रमाणात उशिरा खाल्ले, तर केवळ वेळेमुळे काही फरक पडतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘सातला जेवा’ हा सल्ला मात्र कृपया देऊ नये. सातला मी अजून कार्यालयातच असते.

उत्तर १ : शरीरक्रिया_शिक्षक

तुमच्या भावाचे म्हणणे वजनापुरते बरेचसे खरे आहे, रक्तातील साखरेपुरते मात्र नाही. या दोन गोष्टी एकत्र मोजल्या जातात म्हणून घरोघरी हा वाद मिटत नाही.

आधी साखरेचे पाहू. मेंदूप्रमाणेच यकृत, स्वादुपिंड आणि चरबीच्या पेशींतही दिवस-रात्रीची लय सांभाळणारी यंत्रणा असते. पेशीतील या घड्याळाची जनुकीय रचना उलगडल्याबद्दल २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले. झोपेची वेळ जवळ येते तसे मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक वाढू लागते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर त्याचा काहीसा आवर घालणारा परिणाम होतो, त्यामुळे तोच वरणभात सकाळच्या मानाने रात्री साखर अधिक चढवतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २० निरोगी स्वयंसेवकांना एकदा सायंकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला सारखेच जेवण देऊन दोन्ही वेळा अकराला झोपवले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उशिराच्या जेवणानंतर साखरेची कमाल पातळी सरासरी सुमारे १८ टक्के जास्त आढळली आणि रात्रभरात जळणारी चरबी सुमारे १० टक्के कमी. दहाचे जेवण आणि लगेच झोप हा तर तुमचाच दिनक्रम झाला, म्हणून ५.९ हा आकडा पाहता तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, त्यांनी तो कितीही घाईत दिला असला तरी.

वजनाबाबत चित्र इतके सरळ नाही. २०२२ मध्ये दोन चांगले प्रयोग प्रसिद्ध झाले. बोस्टनच्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या १६ जणांची सर्व जेवणे, पदार्थ न बदलता, सुमारे चार तास पुढे ढकलली, तेव्हा भूक वाढली, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन घटले आणि जागेपणी होणारा उष्मांकांचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. मात्र हा प्रयोग थोड्या दिवसांचा होता आणि त्यात वजन घटते की वाढते हे पाहिलेलेच नव्हते. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे ३० जणांना चार आठवडे सकाळी भरपूर व रात्री कमी, आणि पुढे चार आठवडे याच्या उलट क्रमाने, पण एकूण उष्मांक तेवढेच ठेवून, जेवण पुरवले गेले. दोन्ही प्रकारांत वजन जवळजवळ सारखेच उतरले. फरक पडला तो भुकेत, कारण सकाळी भरपूर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी जाणवली.

ज्याला अन्न मोजून हातात दिले जाते, त्याच्या वजनावर वेळेचा परिणाम फार दिसत नाही, पण तुम्हा-आम्हाला कोणी मोजून वाढत नाही. म्हणून मला तुमच्या दहाच्या जेवणाइतकीच आधीच्या नऊ तासांबद्दल उत्सुकता आहे. दुपारी एकचा डबा आणि रात्री दहाचे ताट यांच्यामध्ये तुम्ही काय खाता?

डोंबिवली_फास्ट

हा प्रश्न टाळावा असे वाटत होते. साडेचारला चहा आणि दोन बिस्किटे. गाडी चुकली तर स्थानकावर वडापाव, आठवड्यातून साधारण तीनदा. घरी आल्यावर कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभ्याने शेव किंवा चिवडा, आणि त्याची मोजदाद मी कधी केलेली नाही. तरीही दहाला भूक अशी असते की तीन पोळ्या होतात आणि वर भात.

उत्तर २ : रात्रपाळी

मी १४ वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते आणि महिन्यातील दहा रात्री मला जागे राहावेच लागते. पूर्वी रात्री दोनला डबा उघडण्याची आमची पद्धत होती आणि पहाटे चारला जडपणा व आंबट ढेकर ठरलेले असत. आता मी घरून निघण्यापूर्वी साडेसातला पूर्ण जेवते आणि मध्यरात्रीनंतर केवळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा घेते. वजन फारसे बदलले नाही, पण पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या आहेत.

उत्तर ३ : साडेसहाचा_डबा

मी ठाण्याहून याच प्रकारे ये-जा करतो, त्यामुळे माझी व्यवस्था सांगतो. सकाळी डबे भरताना एक लहान डबा वेगळा भरतो, ज्यात दोन पोळ्यांच्या गुंडाळ्या आणि त्यांत कोरडी उसळ किंवा परतलेली भाजी असते. तो साडेसहाला, निघण्यापूर्वी, जागेवर बसून संपवतो. रसभाजी दिल्यास पोळीचा लगदा होतो आणि मटकी नीट शिजलेली नसेल तर गाडीत पोट गुरगुरते, एवढे दोन धडे मी अनुभवाने शिकलो. घरी सर्वांबरोबर पानावर बसतो, पण माझ्या वाट्याला वाटीभर आमटी, कोशिंबीर आणि फार तर थोडा भात असतो. घरातल्यांना मी जेवत नाही असे वाटू नये, हाही त्यात हेतू आहे. सहकाऱ्यांनी पहिला आठवडाभर चेष्टा केली. आता त्यांपैकी दोघे डबा आणतात.

शतपावली मात्र नावापुरती शंभर पावलांची नको. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवरील अभ्यासात दिवसातून केव्हातरी अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि सर्वांत मोठा फरक, सुमारे २२ टक्के, रात्रीच्या जेवणानंतर दिसला. आमच्या इमारतीच्या आवाराला सहा फेऱ्या मारल्या की दहा मिनिटे होतात.

उत्तर ४ : शरीरक्रिया_शिक्षक

वरील व्यवस्था मला आवडली. दोन गोष्टींची भर घालतो. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी शेवटचे जेवण आणि आडवे होणे यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण भरलेले पोट घेऊन आडवे झाल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेत सहज चढते. डाव्या कुशीवर झोपल्याने काहींना आराम पडतो. दुसरे म्हणजे, हा धागा वाचणाऱ्यांपैकी जे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता रात्रीचे जेवण अलीकडे आणू नये अथवा निम्मे करू नये. औषधाची मात्रा तीच राहून जेवण घटले, तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

डोंबिवली_फास्ट (पाच आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे आभार. साडेसहाचा डबा सुरू केला आहे. घरी साखर मोजण्याचे यंत्र होतेच, म्हणून बदल करण्यापूर्वी एका शनिवारी नेहमीप्रमाणे दहाला जेवून बारापर्यंत जागले आणि दोन तासांनंतरची साखर मोजली; ती १५८ भरली. मागच्या शनिवारी साडेसहाला दोन पोळ्या आणि दहाला वाटीभर आमटी-भात घेऊन पुन्हा बारालाच मोजली, तेव्हा १२७ आली. यात वेळेबरोबर भाताचे प्रमाणही घटलेले आहे, त्यामुळे सगळे श्रेय घड्याळाला देता येणार नाही, हे भावाने लगेच लक्षात आणून दिले. वजन फक्त ८०० ग्रॅम उतरले आहे. शेवेचा डबा मात्र ओट्यावरून माळ्यावर गेला, कारण घरी येताना आता तेवढी भूकच नसते.

सासऱ्यांना आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले की उरलेला आमटी-भातही साडेसहालाच का नेत नाही.