‘अतिआहारामुळे लठ्ठपणा’ की ‘जादा उष्मांकांमुळे स्थूलता’?

आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील ई६६.० या कोडचा अर्थ मराठीत ‘अतिआहारामुळे आलेला लठ्ठपणा’ असा दिलेला माझ्या अनेकदा वाचनात आला आहे आणि तो मला चुकीचा वाटतो. मूळ इंग्रजी नावात आहाराचा उल्लेखच नाही. तेथे ‘एक्सेस कॅलरीज’, म्हणजे जादा उष्मांक, असे शब्द आहेत. उष्मांक जादा ठरतात ते शरीराच्या खर्चाच्या मानाने. पाय मोडल्यामुळे तीन महिने अंथरुणाला खिळलेला माणूस पूर्वीइतकेच जेवला तरी त्याच्या शरीरात उष्मांक शिल्लक राहू लागतात. त्याच्या केसपेपरवर ‘अतिआहार’ लिहिणे म्हणजे त्याने न केलेली गोष्ट त्याच्या नावावर मांडणे होय. खरोखरच फार खाणे हे लक्षण असेल, तर त्यासाठी आर६३.२ हा स्वतंत्र कोड आहे. या वर्गीकरणाच्या पुढच्या आवृत्तीत, आयसीडी-११ मध्ये, तर ५बी८१.० या कोडचे नावच ‘ऊर्जेच्या असंतुलनामुळे स्थूलता’ अशा अर्थाचे आहे.

‘ओबेसिटी’ हा शब्द ज्या लॅटिन ‘ओबेसस’वरून आला, त्यात ‘खाणे’ या अर्थाचा धातू दडलेला आहे. आपल्या ‘स्थूल’ शब्दात असा धातू नाही; हा शब्द केवळ शरीराचा आकार सांगतो. चरकसंहितेत अतिस्थौल्याची कारणे सांगताना ‘अतिसंपूरण’, म्हणजे फार खाणे, आरंभी येते हे खरे, परंतु त्याच यादीत अव्यायाम, दिवसा झोपणे आणि बीजस्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, हीदेखील आहेत. म्हणून निदानासाठी ‘स्थूलता’ वापरावे आणि ‘लठ्ठपणा’ बोलण्यात ठेवावा, असे माझे मत आहे. ‘खादाडपणा’ तर वैद्यकीय नोंदीत येताच कामा नये.

नोंदीच्या दृष्टीने सारा भार ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययावर आहे. ‘स्थूलता आहे. आहार जास्त आहे.’ ही दोन वेगळी विधाने झाली. त्यांतून कार्यकारणभाव जोडण्याचा अधिकार कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे नोंदीतील निदानाला कोड देणाऱ्याला, नाही, त्याने डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. ‘जादा उष्मांकांच्या सेवनामुळे स्थूलता’ एवढे डॉक्टरांनी लिहिले की कारण नोंदले जाते. नुसता ‘बीएमआय ३४’ हा उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडाही निदान नव्हे. अमेरिकेतील नियमांनुसार हा आकडा परिचारिकेच्या किंवा आहारतज्ज्ञाच्या नोंदीतून घेता येतो, पण त्याच्याशी निगडित निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच लिहिलेले असावे लागते.

अमेरिकेतील ई६६.०१ या कोडमधल्या ‘मॉर्बिड’चे भाषांतर ‘जीवघेणा’ असेही केले जाते. लॅटिन ‘मॉर्बस’ म्हणजे रोग, मरण नव्हे, आणि त्या कोडच्या नावातच कंसात ‘तीव्र’ या अर्थाचा शब्द दिलेला आहे. तेव्हा ‘तीव्र स्थूलता’ हाच पर्याय मला योग्य वाटतो.