मदत हवी आहे: शेअर फोल्डरमधून फक्त मे महिन्याच्याच बिल्ट्या (माल वाहतुकीच्या पावत्या) गायब

नमस्कार मंडळी,

सावद्याला आमचं केळी वाहतुकीचं छोटं ऑफिस आहे. जुना विंडोज सर्व्हर बसला, म्हणून फेब्रुवारीत मीच एका पडीक डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स टाकून सांबाने (लिनक्सवरची फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) फोल्डर शेअर केलं. डिस्कची फाइलसिस्टिम, म्हणजे फायली मांडायची पद्धत, एक्स्ट-४ आहे. त्यावर विंडोजची चार मशीनं चालतात. मी हिशेब लिहिता लिहिता हे शिकलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

रोज रात्री सर्व्हरवर माझी एक स्क्रिप्ट चालते. ती स्कॅन केलेल्या बिल्ट्या उचलून त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकते. मार्च, एप्रिल सुरळीत गेले. १ मेपासून रात्री टाकलेल्या बिल्ट्या विंडोजवाल्यांना दिसतच नाहीत. त्यांना मे नावाची दोन फोल्डर दिसतात, पण कुठलंही उघडा, आत माल तोच. मी एसएसएचने, म्हणजे सांबाला वगळून, थेट सर्व्हरवर शिरून पाहिलं तर दोन्ही फोल्डर वेगळी आणि बिल्ट्या जागच्या जागी!

परवानग्या तपासल्या, केबल बदलली. कुठंतरी वाचून सांबाच्या सेटिंगमध्ये 'केस सेन्सिटिव्ह'पुढे (कॅपिटल-स्मॉल अक्षरं वेगळी मानायची का) 'यस' टाकलं, तर लोकांचे जुने शॉर्टकटच उघडेनात. परत होतं तसं केलं. दिल्लीचा व्यापारी दिवसातून तीनदा फोन करतोय आणि मुनीमजी म्हणताहेत, "तुझं ते उबुंटू काढ बरं आधी." काय करू?

प्रतिसाद १

दोन्ही फोल्डरची इंग्रजी नावं अक्षरन् अक्षर कशी आहेत? आणि बनवतं कोण?

धागाकर्ता

एक मुनीमजी हाताने बनवतात. त्यांचा कॅप्स लॉक कायम चालू, त्यामुळे महिन्याचं पूर्ण नाव, सगळी अक्षरं कॅपिटल. दुसरं स्क्रिप्ट बनवते, डेट कमांडला 'टक्का बी' देऊन. त्यात महिन्याचं तीन अक्षरी नाव येतं, पहिलंच अक्षर कॅपिटल.

प्रतिसाद १

मग सापडलं भो! मार्च-एप्रिलची आखूड नावं पूर्ण नावांपेक्षा वेगळी असतात, म्हणून टक्कर झाली नाही. मे एकच महिना असा, ज्याचं पूर्ण नावही तीन अक्षरी आणि आखूडही तेच. फरक उरला तो फक्त कॅपिटल-स्मॉलचा.

एक्स्ट-४ ला ती दोन वेगळी नावं. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच, त्यामुळे कुठलं उघडेल याचा भरवसा नाही. विंडोजवरून कुणी दुसरं फोल्डर बनवायला गेलं असतं तर सांबाने 'आधीच आहे' म्हणून अडवलं असतं. पण तुमची स्क्रिप्ट सांबाच्या दारातून येतच नाही, थेट डिस्कवर लिहिते. म्हणूनच सांबाचं सेटिंग कितीही फिरवलं तरी हे थांबणार नाही. 'केस सेन्सिटिव्ह' मुळात 'ऑटो' असतं, तिथेच राहू द्या.

आधी बॅकअप घ्या. मग सर्व्हरवरच, विंडोजवरून नाही, स्क्रिप्टच्या फोल्डरला तात्पुरतं भलतंच नाव द्या. आतल्या फायली मुनीमजींच्या फोल्डरमध्ये हलवताना एमव्ही या हलवायच्या कमांडला 'एन' पर्याय लावा, म्हणजे त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहिलं जाणार नाही. जे मागे उरेल ते डोळ्यांनी बघा. एमव्हीला कॅपिटल-स्मॉल वेगळंच वाटतं हे विसरू नका. स्कॅनरने फाइलच्या नावातलं शेवटचं 'पीडीएफ' कॅपिटलमध्ये लिहिलं असेल तर तीच बिल्टी दोनदा जमा होईल आणि विंडोजवर पुन्हा हाच खेळ. अशा जोड्या शोधायला फाइंड कमांडने निघालेली फायलींची यादी सॉर्ट (क्रम लावणारी कमांड) ला 'एफ' लावून द्या आणि पुढे यूनिक (सारख्या ओळी शोधणारी) ला 'आय' आणि 'डी'. हा डी कॅपिटल हं, नाहीतर जोडीतली एकच ओळ दिसेल.

स्क्रिप्टमध्ये 'टक्का बी' काढून वर्ष आणि महिना आकड्यांत टाका. आकड्यांना कॅपिटल नसतं.

प्रतिसाद २

लिनक्सच्या कर्नल (गाभा) ५.२ पासून एक्स्ट-४ मध्येच केसफोल्ड, म्हणजे कॅपिटल-स्मॉल एकच मानायची सोय, आहे, पण ते रिकाम्या फोल्डरलाच लावता येतं आणि फाइलसिस्टिमवर ती सोय आधी चालू करावी लागते. एवढ्यासाठी नका पडू त्यात.

धागाकर्ता

झालं! ३८ बिल्ट्या मिळाल्या, पाच दोनदा होत्या, त्या काढल्या. दिल्लीला सगळं पाठवलं. मुनीमजींचा कॅप्स लॉक तसाच आहे. आता वाटतं, फोल्डरची नावं सरळ मराठीतच ठेवावीत. कॅपिटल-स्मॉलची कटकटच नाही.

प्रतिसाद १

ठेवा, पण 'ऱ्य' जपून. कुणी ऱ घेऊन लिहितं, कुणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच, संगणकाला दोन वेगळी नावं. आणि ती विंडोजलाही वेगळीच वाटतात.

धागाकर्ता

आमच्याकडे 'शेतकऱ्यांची खाती' नावाचं फोल्डर आहे. आत्ताच पाहिलं. दोन आहेत.