इंग्लंडमध्ये पीजीसीई प्रायमरी: पहिल्या प्लेसमेंटआधी काय तयारी करावी?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. पीजीसीई प्रायमरीचं (इथला प्राथमिक शिक्षकांचा पदव्युत्तर कोर्स) पहिलं प्लेसमेंट, म्हणजे शाळेतला सराव, पुढच्या महिन्यात सुरू होतंय. सरकारी प्रायमरी आहे, इयर वनचा (पाच-सहा वर्षांच्या मुलांचा) वर्ग, ३० मुलं. महाराष्ट्रात डी.एड. झालेलं असल्यामुळे पाठ घ्यायची धास्ती नाही, पण इथल्या शाळेची रीत ठाऊक नाही. कागदपत्रं कोणती लागतात, पहिल्या दोन आठवड्यांत नक्की काय करायचं असतं, आणि फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं) व गणितात आपल्याकडच्या शिक्षकांचं कुठे अडतं? 'सगळं छान होईल' छापाचे प्रतिसाद नकोत, नेमकं सांगा.

थेम्सकाठ
आधी कागद. डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, युनिव्हर्सिटीच करून घेते: एनहान्स्ड (सखोल), मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीसकट (बार्ड लिस्ट). प्रमाणपत्र कागदावर छापून तुमच्या पत्त्यावर येतं. भाड्याची खोली बदलणाऱ्यांचं ते हमखास जुन्या पत्त्यावर जातं, तेव्हा पत्ता बदलायचा असेल तर अर्ज भरण्याआधी बदला. डीबीएसमध्ये भारतातली नोंद येत नाही, म्हणून भारतातला पोलीस क्लिअरन्स दाखला वेगळा मागतात. भारत सोडण्याआधीच तो पासपोर्ट सेवेतून काढलेला असेल तर उत्तम. तपासण्या पूर्ण झाल्याचं पत्र युनिव्हर्सिटी शाळेला पाठवते. तुम्ही पहिल्या दिवशी फोटो ओळखपत्र आणि डीबीएसची मूळ प्रत जवळ ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तास कामाची मर्यादा असते. प्लेसमेंट हा कोर्सचा गुण मिळणारा भाग असल्याने तो त्या २० तासांत मोजत नाहीत. तरी प्लेसमेंट चालू असताना संध्याकाळची नोकरी धरू नका, दुसऱ्या दिवशीच्या तयारीतच रात्र जाते.

क्वालिफाइड टीचर स्टेटससाठी (शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता) निदान १२० दिवस शाळांत आणि निदान दोन शाळा, हा नियम आहे. त्यामुळे आजारपणाच्या रजा लिहून ठेवा, मे महिन्यात हिशोब लागतो.

आता सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' हा सरकारी दस्तऐवज दर सप्टेंबरला नवा निघतो, त्याचा पहिला भाग वाचल्याशिवाय वर्गात जायचं नाही. पहिल्या दिवशी डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड (शाळेत याची जबाबदारी असलेली व्यक्ती) कोण आणि ते नसले तर डेप्युटी कोण, एवढं विचारून घ्या. मुलाने मार, भूक, भीती असलं काही सांगितलं तर: 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, 'बाबांनी मारलं का?' असं सुचवणारं विचारायचं नाही, ऐकायचं, मुलाचेच शब्द वेळेसह लिहायचे आणि त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, लीडकडे द्यायचे. आपल्याकडे शिक्षक आधी पालकांना बोलावतात. इथे ते उलट अंगाशी येतं, कारण धोका घरातूनच असू शकतो.

मोबाइल वर्गात नाही, कपाटात. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर कधीच नाही, वहीचा काढतानाही नाव झाकलेलं असावं.

खडूफळा
फोनिक्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठी माणूस अडतो तो इथेच.

आपल्या लिपीत व्यंजनात अ दडलेला असतो. त्या सवयीने आपण अक्षरांचे आवाज 'स', 'ट', 'प' असे म्हणतो. पाच वर्षांचं मूल ते जोडतं तेव्हा 'स-ॲ-ट'चं 'सअॅटअ' होतं आणि त्याला शब्द सापडतच नाही. आवाज सुटा हवा: स्‌स्‌स् लांबवायचा, म्‌म्‌म् लांबवायचा, ट् आणि प् मात्र तोडून, जवळजवळ कुजबुजत, शेवटी अ न लावता. आरशासमोर हात घशावर ठेवून करून बघा. स्, ट्, प् म्हणताना घसा थरथरला तर अ शिरला असं समजा.

दुसरं व्ही आणि डब्ल्यू. आपल्या 'व'ने दोन्ही भागतात, इथे नाही. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा चंबू. टी-एच साठी जिभेचं टोक दातांच्या मध्ये. आपला 'थ' चालत नाही, मुलं 'टी' ऐकतात. आणि टी, डी म्हणताना जीभ मागे वळवू नका, वरच्या दातांमागच्या हिरडीला लावा. बोलण्यातला मराठी ढंग कुणी काढायला सांगत नाही, पण फोनिक्सच्या वीसेक मिनिटांत आवाज नेमकेच हवेत.

इयर वनला जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक असतो: ४० शब्द, २० खरे आणि २० बनावट. बनावट शब्दाशेजारी परग्रहवासी प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मूल अंदाज न लावता आवाज जोडतं का ते कळतं. त्यासाठी शाळेची एक ठरलेली स्कीम असते, लिटल वँडल किंवा रीड राइट इंक वगैरे. पहिल्या आठवड्यातच तिचं प्रशिक्षण साहित्य मागून घ्या. प्रत्येकीचे हातवारे, ओळी आणि क्रम वेगळे. इंटरनेटवरून स्वतःच्या फ्लॅशकार्डांचा सेट काढून आणणं ही नेहमीची चूक, कारण मुलं कालच्याच वाक्याची वाट बघत असतात आणि नव्यामुळे वर्ग भरकटतो.

पहिल्या दोन आठवड्यांत पाठ घेण्याची घाई नको. शिक्षिका कार्पेटवर बसलेल्या मुलांना उठवताना नेमकं काय म्हणते, कोणत्या हाताच्या इशाऱ्याने गप्प करते, टॉयलेटला पाठवण्याची खूण काय, हे शब्दशः उतरवा. तीच वाक्यं वापरलीत तर मुलं ऐकतात.

गणितवेडा
खडूफळा यांना +१. गणिताचं सांगतो.

इयर वनमध्ये उभी मांडणी नाही, हातचा नाही. इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात बेरीज-वजाबाकीची लेखी पद्धत इयर थ्रीत येते. इयर वनला २० पर्यंतची बेरीज-वजाबाकी, १०० पर्यंत मोजणी. साधनं: दहा चौकटींची टेन फ्रेम, नंबर लाइन, लाकडी डीन्स ठोकळे (सुटे एकक आणि दहाच्या कांड्या). १३−५ कसं शिकवायचं? एक पूर्ण टेन फ्रेम आणि दुसरीत तीन ठिपके. आधी ते तीन काढा, मग पूर्ण चौकटीतले दोन. म्हणजे १३−३−२, उरले ८. मोठ्या वर्गात गेलात तर 'बॉरो' म्हणू नका, तिथे 'एक्स्चेंज' म्हणतात: एका दशकाच्या कांडीच्या बदल्यात दहा सुटे.

पाढे क्रमाने: इयर टूमध्ये २, ५, १०, थ्रीमध्ये ३, ४, ८, फोरपर्यंत १२ चा. इयर फोरच्या चाचणीत २५ प्रश्न, प्रत्येकी ६ सेकंद. मोठ्या संख्या लिहिताना स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर, १,००,००० असं फळ्यावर लिहिलंत की मुलं बुचकळ्यात पडतात.

आणि मिनी व्हाइटबोर्ड: धड्याआधी प्रत्येक पेन उघडून तपासा. सहा पेनं वाळलेली निघाली की पाच मिनिटं गेलीच.

पाटीपेन्सिल
फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. टीचिंग असिस्टंट माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, त्यांना काम कसं सांगू? आणि दिवाळीला वर्गात मिठाई वाटली तर चालेल का?

थेम्सकाठ
मिठाई नको, निदान विचारल्याशिवाय नको. काजू-पिस्ता म्हणजे बहुतेक शाळांत सरळ बंदी, ॲलर्जीमुळे. कुणाला ॲलर्जी आहे आणि ॲड्रेनालिनचं पेन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) कुठे ठेवलंय हे मात्र पहिल्याच दिवशी विचारा. दिवाळीसाठी पणतीची रंगीत कागदाची घडी किंवा चौकटीच्या कागदावर ठिपक्यांची रांगोळी करा, सममितीच्या धड्यात सहज बसते.

असिस्टंटना तोंडी ऐन वेळी नाही, सकाळी पाऊण पानाची चिठ्ठी द्या: कोणती चार मुलं, काय करायचं, कोणतं साहित्य, कुठे थांबायचं, आणि शेवटी तुम्हाला काय कळवायचं. 'प्लीज' आणि 'थँक यू' मोजून वापरू नका. शिवाय त्यांनाच विचारा की मुलांपैकी कुणाला कशाने राग येतो. ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये नसते.

खडूफळा
आणखी एक. मेंटरबरोबर (शाळेतला तुमचा मार्गदर्शक शिक्षक) आठवड्याला दीड तास असतो, तो वेळ वाया घालवू नका. 'कसं चाललंय?'वर गप्पा होऊन वेळ संपतो. त्याऐवजी एका ओळीत लिहून न्या: 'मुलं कार्पेटवरून टेबलाकडे जाताना चार मिनिटं जातात, ती दोनवर कशी आणू?' मेंटर पुढच्या पाठात नेमकं तेच बघतात. कारण बहुधा एकच असतं, सूचना मुलं उठल्यावर दिली जाते. आधी पूर्ण सूचना, एका मुलाकडून ती वदवून घेणं, मग 'गो'. कागद आधीच टेबलावर ठेवलेले.

आणि कोट घेऊन जा. रिमझिम असली तरी मुलं बाहेर खेळतात, मैदानावर ड्युटी असणारे बाहेरच उभे असतात.