डब्ल्यूएचओसारख्या संस्थेचं काम मोजायचं कसं?

प्रश्न: पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये ट्रिपल बिलियन टार्गेट ठेवलं, १०० कोटी जास्त लोकांना आरोग्यसेवा, १०० कोटींना साथींसारख्या आरोग्य-संकटांपासून संरक्षण, १०० कोटींचं आरोग्य सुधारणं. पण यात संस्थेचं श्रेय किती, सरकारांचं किती, ते कसं ठरवायचं?

उत्तर १: पूर्ण वेगळं काढता येतच नाही गं. म्हणून शेवटच्या आकड्याबरोबर मधलं काम बघ. पोलिओचं घे, १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला निदान १ अचानक आलेल्या लुळेपणाची केस, तीही पोलिओ नसलेली, सापडलीच पाहिजे, नाही सापडली तर आजार नाही असं नाही, शोधणारे कमी पडतायत असं धरायचं. मला हे माप फार आवडतं.

उत्तर २: बरोबर. मी पल्स पोलिओत मॉनिटर होतो. रजिस्टर भरलेलं असायचं पण आम्ही ते बाजूला ठेवून वीटभट्टीवर जायचो आणि पोरांच्या डाव्या करंगळीवर डोस दिल्याच्या खुणेची शाई आहे का बघायचो, एकदा एका झोपडीत तीन भावंडं, तिघांची बोटं कोरी. तिथेच डोस पाजले.

उत्तर ३: आकड्याला पैसे जोडताना मात्र जपून हं. गावी (Gavi) ही गरीब देशांना लसींसाठी मदत करणारी जागतिक संस्था पूर्वी ट्रिपल लसीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तिन्ही डोस झालेल्या प्रत्येक जादा मुलामागे २० डॉलर द्यायची, २००८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात बऱ्याच देशांचे सरकारी आकडे सर्वेपेक्षा फुगलेले निघाले. तुझ्या थिसिसमध्ये हे घेच.