लेबर रूममध्ये ड्रिल: खरंच उपयोग होतो का?

म्हापशाची सिस्टर:
गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं ड्रिल, म्हणजे खरी वेळ आल्यासारखा लुटुपुटीचा सराव, घेतलं, आमच्यातलीच एक ज्युनियर पेशंट होऊन पडली, मॅडम ओरडल्या ऑक्सिटोसिन (रक्तस्राव थांबवायचं औषध, ते फ्रीजमध्ये असतं) आणा, आणि तिघी एकदम पळाल्या पण फ्रीजची चावी कुणाकडेच नाही, ती आधीच्या शिफ्टच्या सिस्टरबरोबर घरी गेलेली! मला रात्री झोप लागली नाही, खरी बाई असती तर? दुसऱ्या दिवसापासून चावी फ्रीजच्या बाजूला खिळ्याला असते. माझं म्हणणं, गोव्यातल्या प्रत्येक लेबर रूममध्ये हे सक्तीचं करा.

फोंडेकर:
सिस्टर, राग मानू नका. माझी बायको पण नर्स आहे, रात्रपाळीला दोघीजणी अख्खा वॉर्ड ओढतात, ड्रिलला माणसं आणायची कुठून? आधी रिकाम्या जागा भरा. आणि टांझानियात हायडोमच्या हॉस्पिटलात बाळाला श्वास द्यायचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, 2013 चा अभ्यास आहे, पुतळ्यावर सगळ्यांचं सुधारलं पण खऱ्या बाळंतपणात काही फरक नाही.

म्हापशाची सिस्टर:
दादा, त्याच हायडोमचं पुढचं पण वाचा ना. नंतर त्यांनी वॉर्डातच थोडा थोडा वेळ पण वरचेवर सराव सुरू केला, आणि पहिल्या 24 तासांत दगावणारी बाळं हजारी 11.1 वरून 7.2 वर आली. मी पण तेच म्हणतेय, हॉलमधलं वर्षातून एकदाचं नकोच मला.

बांबोळीला शिकलेला:
मी भूल देणारा. ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलात सगळ्या टीमला ट्रेनिंग दिल्यावर, खांदा अडकून जन्मलेल्या बाळांमध्ये इजा 9.3 टक्क्यांवरून 2.3 वर आली, 2008 मध्ये छापून आलंय. तिथे डॉक्टर आणि बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफ एकत्र शिकले. आपल्याकडे सिस्टरांचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, आणि सर चुकतायत हे दिसत असूनही ज्युनियर गप्प बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. औषध सांगितलं की घेणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, दिल्यावर 'दिलं' म्हणायचं, एवढं साधं आहे पण सवय नसेल तर ऐनवेळी तोंडातून निघत नाही. मोठे सर स्वतः ड्रिलला उभे राहणार नसतील तर मात्र मी फोंडेकरांच्या बाजूने.

फोंडेकर:
सरांचा मुद्दा पटला. चावीचं पण पटलं, त्याला खर्च काहीच नाही. पण बायकोला ट्रेनिंगला सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं, लहान पोर शेजारी ठेवून गेली ती, ते मी विसरणार नाही. ड्यूटीच्या वेळेत घ्या आणि तेवढा वेळ वॉर्ड बघायला एक जास्तीची सिस्टर द्या, मग मी गप्प. सक्तीचा कागद आधी आणि माणसं नंतर, असं असेल तर माझा विरोधच.

म्हापशाची सिस्टर:
जास्तीच्या सिस्टरचं मी मेट्रनना उद्याच विचारते दादा. आणि वहिनींना विचारा, त्यांच्या वॉर्डात फ्रीजची चावी कुठे असते.